बादलीत बर्फ नव्हता

१४ ऑगस्ट १९९६

रोसेन्दो,

तुझं पत्र परवा मार्सेलिनोच्या ट्रकनं आलं. टाइप केलेलं! वर खात्याचा शिक्का, कोपऱ्यात जावक क्रमांक, आणि मधोमध मी: ‘लाभार्थी श्रीमती फाउस्तिना कालपान्चाय यांस.’ लिफाफा हातात देताना मार्सेलिनोनं टोपी काढली. शिक्का बघून त्याला वाटलं, शहरात तुझं काही बरंवाईट झालं.

सत्तावन्न वर्षांत लोकांनी मला काय काय म्हटलं. आई खेचर म्हणायची, इलारियोकाका तिखट म्हणतात, तू बोबडा होतास तेव्हा ताता म्हणायचास. लाभार्थी मात्र कोणी म्हटलं नव्हतं. तुला, धाकट्या भावाला, पाठीशी बांधून मी लामांच्या कळपामागं हिंडले, तुझं नाक माझ्या पदरानं पुसलं, आणि आता तुझी टायपिस्ट मला ‘सविनय कळविण्यात येते की’ म्हणून कळवते! दोन ओळी हातानं खरडायला तुझी बोटं झडली होती का?

पत्र मी तीनदा वाचलं. राजधानीहून मोठे साहेब दहा डिसेंबरला ‘आदर्श झरा’ बघायला येणार. तोवर झऱ्यावर तू बांधलेल्या टाकीला मी चुना लावायचा. आजूबाजूची लेंडकं झाडून घ्यायची. साहेब येतील तेव्हा ‘पारंपरिक पोशाखात’ उभं राहायचं. आणि साहेबांना पसंत पडलं की पठारावरच्या आणखी चाळीस झऱ्यांवर अश्शीच टाकी बांधायची.

चुना लावते हो. पण तू दोन वर्षांत एकदाही वर आला नाहीस, म्हणून टाकीच्या खाली काय चाललंय ते ऐक. झऱ्याच्या डोळ्यापासून खालच्या काळ्या दगडापर्यंत आपलं कुरण होतं. चालताना पायाखाली हलायचं, बूट काढला तर टाच थंड व्हायची. आज तिथं मी वहाणा घालून चालते आणि धूळ उडते. खालचा अर्धा भाग तपकिरी झालाय. मातीला भेगा आहेत, माझा हात कोपरापर्यंत आत जातो. वरचा भाग अजून हिरवट आहे, पण तोही कडेनं आत आत वाळत चाललाय.

कारण सरळ आहे. डोळ्यातून जेवढं पाणी येतं तेवढं सगळं तुझ्या टाकीत शिरतं, टाकीतून काळ्या पाइपात, पाइपातून घराच्या नळाला आणि जनावरांच्या डोणीला. डोणी भरून वाहते ती खडकाळ नाल्यात. कुरणाला थेंब नाही.

ऑगस्ट सुरू झाला तसं भुईला जेवू घातलं. दर वर्षी डोळ्याच्या काठाशी खड्डा करून आपण तिला कोकाची पानं, शिजवलेला मका, थोडी दारू देतो. यंदा काठच सापडेना. मी टाकीच्या झाकणाजवळ ताट घेऊन उभी राहिले. झाकणाला कुलूप, आणि किल्ली तुझ्या खात्यात! शेवटी घरामागं खड्डा केला. मला स्वतःची लाज वाटली आणि तुझा राग आला.

चुना कुठून आणू तेही कळव. टाइप करून कळवलंस तर उत्तर देणार नाही.

तुमची आज्ञाधारक लाभार्थी,
फाउस्तिना


११ सप्टेंबर १९९६

रोसेन्दो,

या खेपेला हातानं लिहिलंस. अक्षर अजून तसंच आहे, उतारावरून घसरल्यासारखं. पण मजकूर वाचून वाटलं, यापेक्षा टायपिस्ट बरी होती.

‘ताता, जनावरं विकून टाक आणि खाली ये. घरामागं एक खोली रिकामी आहे, आत नळ आहे. वर आता राहिलंय काय?’

वर काय राहिलंय? मी राहिलेय! बासष्ट लामा राहिल्यात, त्यातल्या पंचवीस माद्या गाभण आहेत. त्या विकून मी तुझ्या मागच्या खोलीत बसून नळाकडं बघत राहू? तुझी बायको मला भाजी निवडायला देईल आणि दुपारी शेजारणींना दाखवेल, ही आमची वरची नणंद. आपण लामांना खुणेची बांधतो तशी कानात लाल लोकर बांधायची तेवढी राहील.

आणि तारेचं कुंपण घाल, गवताच्या पेंढ्या विकत आण, हा सल्ला कोणी दिला? तुझ्या त्या चष्मेवाल्या इंजिनिअरनं? त्याला वाटतं कुरण आपोआप उगवलंय. त्याचं सोड, पण तू? सात वर्षांचा असल्यापासून तू आईबरोबर पाण्याला दारं धरलीस. विसरला असशील म्हणून सांगते. हिवाळ्यात दिवस कलला की पाट फोडून पाणी नव्या पट्ट्यावर सोडायचं. पहाटेपर्यंत त्याचा बर्फ होतो, पातळ, पट्टाभर पसरलेला. दुपारी तो वितळतो आणि मुळांना सावकाश पाणी मिळतं. दुसऱ्या दिवशी दगड उचलून पुढचा पट्टा. एकाच जागी पाणी राहिलं तर तिथं बर्फाचा ढीग होतो, तिथलं गवत कुजतं आणि बाकीचं वाळतं. आजीनं, पणजीनं एकेक पट्टा करून हे कुरण वाढवलं. आईनं काळ्या दगडापर्यंत नेलं. आपण ते केलंय, रोसेन्दो. म्हणून आपण सोडलं की ते मरतं.

खोटं बोलणार नाही, पहिल्या महिन्यात तुझा नळ मी मिरवला. माझ्या हट्टानं नातेवाईक आले. मी सगळ्यांना नळाखाली हात धरायला लावले. ओर्तेन्सियानं तर तोंड धुतलं आणि म्हणाली, ‘फाउस्तिना, आता तू शहरातली बाई झालीस गं.’ मी पोट धरून हसले. तेव्हा खालच्या पट्ट्यांकडं कोणाचं लक्ष होतं? माझंही नव्हतं. पुढच्या जूनच्या थंडीत पाइप गोठून तीन जागी फुटला आणि सगळा हिवाळा नळाला पाणीच नव्हतं. मी पुन्हा बादली घेऊन जायला लागले. तीही कुठं? डोणीच्या वाहणाऱ्या नाल्यावर, कारण डोळ्याला कुलूप!

आता जनावरं दिवसभर डोणीभोवती उभी असतात. पाणी आहे आणि चारा नाही. तिथली जमीन तुडवून तुडवून पीठ झालंय. वारा सुटला की ते पीठ त्यांच्या डोळ्यांत जातं. गेल्या आठवड्यात तीन मेल्या. त्यातली एक ती पांढरी, जिच्या कानाला आईनं शेवटची लोकर बांधली होती. दोन माद्यांनी गर्भ टाकले.

मला दोन गोष्टी हव्यात. कुलपाची किल्ली. आणि साहेबांना तुझ्या तोंडून एक वाक्य, की ही टाकी चुकली. बाकी तुझी खोली, तुझी पेंढी तुझ्याजवळ ठेव.

फाउस्तिना


६ ऑक्टोबर १९९६

रोसेन्दो,

किल्ली पाठवणार नाहीस, कारण ‘ती शासनाची मालमत्ता आहे’. झरा कोणाचा, ते तेवढं लिहिलं नाहीस.

आणि मग ते. तुझंच वाक्य तुला परत देते, म्हणजे तुलाही वाचावं लागेल: ‘आई पाण्याला गेली आणि बर्फावर पडून मेली. बादली तिच्या शेजारी होती. तेव्हा तुझं कुरण कुठं होतं, ताता? मी टाकी बांधली, कारण तूही तशीच जावीस असं मला नको होतं. आणि तू मला शिव्या घालतेस.’

आईला मध्ये आणू नकोस.

एवढंच सांगते. आईला मध्ये आणू नकोस. तू आलास दफनानंतर, चार दिवसांनी, रस्ता बंद होता हे मला मान्य आहे. तीन दिवस राहिलास. तिसऱ्या दिवशी फीत घेऊन डोळा मोजायला लागलास. तू तेव्हा कोणाशी बोलत नव्हतास आणि मीही तुला काही विचारलं नाही. सिमेंट आलं, आम्ही सगळ्यांनी वाळू वाहिली. पण आईच्या मरणावर तू सिमेंट ओतलंस म्हणून ते बरोबर ठरत नाही.

काल मी इलारियोकाकांकडं गेले. टेकडीपलीकडं त्यांचं कुरण अजून हिरवं आहे, त्यांच्या झऱ्याला तुझे लोक अजून पोचलेले नाहीत. चाळिसातला एक तोच आहे. माझ्या आयुष्यात मी कोणाकडं चारा मागितला नव्हता. त्यांच्या दारात दगडावर बसले आणि तोंडातून शब्द फुटेना.

काका म्हणाले, ‘आज तिखट गप्प कशी? तोंडात खडा धरलाय का?’

‘गाभण माद्या आणू का तुमच्याकडं? पिल्लं होईपर्यंत.’

‘नळवाल्या बाईला आमचं चिखलाचं पाणी चालंल?’

‘काका, टोमणे मारायचे असतील तर मारून घ्या. पण हो म्हणा.’

‘हो तर म्हणतोच गं. शेजार कशाला असतो? पण टोमणे फुकट सोडणार नाही, दोन वर्षं साठवलेत.’ आणि त्यांनी खरंच साठवलेले सगळे ऐकवले. नळाखाली तोंड धुणाऱ्या ओर्तेन्सियाची नक्कल केली. मला हसू आलं आणि मग रडू आलं. त्यांनी पानांची पिशवी पुढं केली. आम्ही बराच वेळ पानं चघळत बसलो.

उठताना ते आणखी एक वाक्य बोलले. ते इथं लिहीत नाही.

वीस माद्या तिकडं सोडल्यात. बाकीच्यांचं काय करायचं ते माहीत नाही. दहा डिसेंबरला साहेबांना मी काय सांगणार, तेही अजून माहीत नाही. पण चुना लावणार नाही, एवढं नक्की.

फाउस्तिना


१७ नोव्हेंबर १९९६

रोसेन्दो,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. शाळेच्या बाईंकडून नवी वही मागून आणली. हे पाचवं. मार्सेलिनोच्या हातात देईपर्यंत हिंमत टिकली तर तुला मिळेल.

काका म्हणाले होते: ‘त्या दिवशी बादलीत बर्फ नव्हता, फाउस्तिना.’

आईला उचलायला तेच होते माझ्याबरोबर. त्यांनी तेव्हाच बघितलं होतं. सव्वादोन वर्षं त्यांनी ते पोटात ठेवलं आणि टोमण्यांच्या शेवटी, अगदी हळू, सांगितलं.

रात्रभर उघड्यावर पडलेल्या पाण्याच्या बादलीत बर्फ असायला हवा होता. नव्हता, कारण ती बादली मी तिथं दुपारी ठेवली.

आता सगळं लिहिते. त्या जुलैत संत सांतियागोच्या जत्रेला मी एका दिवसासाठी गेले होते. आईला म्हटलं, उद्या दिवस कलायच्या आत येते, पाणी मीच फिरवेन, तू उंबरा ओलांडू नकोस. ती म्हणाली, ‘जा, नाच. तुझे गुडघे अजून चालतात तोवर नाच.’ मी तीन दिवस राहिले. पंचावन्न वर्षांची बाई, आणि एका माणसानं ढोल वाजवला म्हणून तीन दिवस राहिले. त्याचं नावही मी तुला सांगणार नाही, त्याचा काही दोष नाही.

तीन दिवस पाणी एकाच पट्ट्यावर होतं. बर्फाचा ढीग झाला असणार. खिडकीतून तिला तो वाढताना दिसला असणार. तू आईला ओळखतोस. तिनं दोन दिवस वाट बघितली असेल आणि तिसऱ्या संध्याकाळी उठली असेल. मी आले तेव्हा ती पाटाच्या तोंडाशी पडली होती, आणि तिच्या हातात फावडं होतं. तिनं दगड उचलून ठेवला होता, रोसेन्दो. पाणी नव्या पट्ट्यावर गेलेलं होतं. काम पुरं करून मग ती पडली.

मी तिच्या मुठीतून फावडं सोडवलं. ते सोपं नव्हतं. घरात नेऊन कणसांच्या पोत्यामागं लपवलं आणि परत येताना बादली आणली. का? पाण्याला गेली म्हणजे कोणाचा दोष नाही. पाणी तर सगळेच आणतात. पण फावडं हातात म्हटल्यावर सगळ्यांनी विचारलं असतं, दारं धरायची पाळी कोणाची होती?

तू विचारलं असतंस.

म्हणजे तू टाकी बांधलीस ती माझ्या बादलीवर. आई प्यायच्या पाण्यासाठी कधीच पडली नाही. घरात दोन घागरी भरलेल्या होत्या. ती कुरणासाठी पडली, आणि त्याच कुरणाचं पाणी तू तोडलंस, तिच्या नावानं. मी वाळू वाहत होते आणि मला हे माहीत होतं.

आता तू मला काय म्हणायचं ते म्हण. खेचर म्हण, खोटारडी म्हण. मी ऐकून घेईन. पण यातनं टाकी बरोबर ठरत नाही. माझ्या खोट्यावर उभी आहे म्हणून ती आणखीच चूक आहे! आणि तुझ्या त्या चाळीस झऱ्यांचं काय? तिथं कोणाच्या हातात बादली होती आणि कोणाच्या हातात फावडं, ते तुझ्या खात्यानं एकाला तरी विचारलं का? तुझ्याशी खोटं बोलायला मी होते. त्यांना तर तुम्ही प्रश्नच विचारला नाही.

साहेबांच्या आधी ये. एकटा ये. आपण दोघं मिळून ती फोडू. तू आला नाहीस तर साहेबांसमोर मी फोडीन. पहार काकांकडून आणून ठेवली आहे.

फाउस्तिना


१९ जानेवारी १९९७

रोसेन्दो,

तू एकटा आला नाहीस. तू त्यांच्याबरोबर जीपमधून आलास, कोट घालून, आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. महिनाभर मी हे पत्र लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की शिव्याच यायच्या. अजूनही येतायत. काही गाळते, सगळ्या नाही.

तुला राग यायलाच हवा होता. आई उघड्यावर पडली होती तेव्हा मी नाचत होते, हे वाचून ज्याला राग येणार नाही तो तिचा मुलगा कसला? माझ्या तोंडावर थुंकला असतास तरी मी पुसलं नसतं. पण तू काय केलंस? मोठ्या साहेबांनी खालच्या पट्ट्यांकडं बोट केलं, ‘हे असं वाळलेलं का?’ आणि तू, मान खाली घालून: ‘लाभार्थीनं देखभाल नीट केली नाही, साहेब.’

माझ्यावरचा राग तू कुरणावर काढलास! तुला माहीत होतं. माझं पत्र तुझ्या कोटाच्या खिशात होतं, त्याचा कोपरा मला दिसत होता. आणि तू आईच्या चाळीस वर्षांच्या मेहनतीला माझ्या आळसाच्या खात्यात टाकून मोकळा झालास.

मी पारंपरिक पोशाखात होते. आईचा कामाचा घागरा, गुडघ्यावर ठिगळं. तुला तो ओळखू आला, ते मी बघितलं.

बरं झालं काका आले होते. मोठ्या साहेबांना विरळ हवा लागली होती, ओठ निळे पडले होते. काकांनी त्यांच्या हातात पानं कोंबली, आधी चघळा म्हणाले, मग बोला. तू म्हणालास, ‘दोन वर्षं पाऊस कमी आहे.’ तेव्हा काका म्हणाले, ‘साहेब, त्या टेकडीपलीकडं माझं कुरण आहे. चला बघायला. ढग टेकडीवर येऊन उजवीकडं पडायचं की डावीकडं, असं विचारत न्हाईत.’ साहेब हसले. मग हसायचे थांबले आणि तुझ्याकडं बघितलं. तू पुन्हा म्हणालास, पाऊस कमी आहे.

पहार माझ्या मागं भिंतीला टेकलेली होती. मी ती उचलली नाही. त्याचं कारण तू. साहेब झाकणाजवळ गेले तसा तू पुढं झालास आणि झाकणावर हात ठेवलास. पंजा पसरून. आजारी जनावराच्या मानेवर ठेवतो तसा. तुझं तोंड बघून माझा हात उचलेना, आणि त्याबद्दल मी स्वतःला दिवसभर शिव्या दिल्या. जीप गेली. मार्सेलिनो म्हणतो, साहेबांनी वाटेत थांबून काकांचं कुरण खरंच बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते तुला माहीत.

दुसऱ्या दिवशी मी आणि काकांनी कुलूप तोडलं. शासनाची मालमत्ता आहे, हवं तर कळव त्यांना, पत्ता तुझ्याकडं आहे. झाकण इतकं जड की दोघांना पेलेना. पहारीनं उचकटून उलटं पाडलं.

आणि त्याच्या आतल्या अंगावर तुझा हात होता.

झाकण तू जमिनीवर ओतलंस आणि मग उलटं करून बसवलंस, हे मला आठवलं. ओल्या सिमेंटात तुझा पंजा. त्याखाली बोटानं लिहिलेलं, त्या उतारावरून घसरणाऱ्या अक्षरात: ‘आई, आता बर्फावरून चालू नकोस.’

काका वाचू शकत नाहीत. म्हणाले, ‘काय लिवलंय?’ मी वाचून दाखवलं. ते टोपी काढून टाकीच्या कडेवर बसले. मीही बसले. ते कोणी वाचावं म्हणून तू लिहिलं नव्हतंस. दोन वर्षं ते आत अंधारात पाण्याकडं तोंड करून होतं, आणि वरून मी तुला नावं ठेवत होते. तुझ्या मनातलं तेवढं एक खरं वाक्य माझ्या खोट्यावर लिहिलेलं होतं. मला तुझी क्षमा मागायची आहे, रोसेन्दो. मागते. बादलीसाठी मागते.

टाकीसाठी मागत नाही. भिंती आम्ही दोघांनी पाडल्या, त्याला तीन दिवस लागले. पाइप ओढून काढला. पहिले दोन दिवस डोळ्यातून नुसता गढूळ पाझर आला आणि मला वाटलं संपलं. तिसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ झालं. पूर्वीपेक्षा कमी आहे. खालच्या पट्ट्यांतली माती पार जळाली आहे, ती माझ्या हयातीत परत यायची नाही. काळा दगड गेला आपल्या हातून. पण पाऊस झाला आणि वरच्या पट्ट्यांत बोटभर हिरवं आलंय. काकांकडून माद्या परत आणल्यात. सोळा पिल्लं जगली. बाकीच्या जनावरांपैकी नऊ मेली, ती तू तुझ्या अहवालात कुठं लिहिशील ते मला बघायचंय.

झाकण फोडलं नाही. पाटाच्या तोंडाशी, जिथं पाणी दोन बाजूंना वळवायचं, तिथं आईचा जुना दगड झिजला होता. त्या जागी ते टेकवलंय, पंजा वर करून. पाणी पूर्वेला सोडायचं असलं की ते कलतं करावं लागतं. मला एकटीला जेमतेम हलतं. काका आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत.

चाळीस झऱ्यांच्या कागदावर तुझी सही आहे. ती मागं घे. त्यासाठी तुझी खुर्ची गेली तर इथं बसायला दगड पुष्कळ आहेत. माझ्यावर जन्मभर रागाव, पण तो राग घेऊन इथं ये. तिकडं साहेबांपुढं सांडू नकोस. जुलैत पट्ट्यांवर बर्फ धरावा लागेल, आणि आई पडली त्या दिवशी मी कुठंही जाणार नाहीये.

आईचं फावडं दाराशी उभं आहे. पोत्यामागनं काढलं. येणारे जाणारे विचारतात, कोणाचं? मी सांगते.

तुझी,
ताता